साडूंचं हैदराबाद

आमचे साडू शहर बघत नाहीत, उरकतात. घरातली बाई धुणं उरकते त्या निष्ठेनं त्यांनी आजवर जयपूर उरकलंय, उटी उरकलीय आणि काशीचे घाट तर एका सकाळीत असे उरकलेत की बरोबरच्या वयस्कर मंडळींना आपण गंगेत नेमकी कुठं बुडी मारली हे आजही सांगता येत नाही.

असा एक गृहस्थ प्रत्येक गोतावळ्यात असतोच. लग्नात पंगतीला मीठ वाढलंय का ते बघणारा, कुलदैवताला जायचं तर टेंपो ठरवणारा, कोणी दवाखान्यात असलं तर डब्याच्या पाळ्या लावणारा. त्याला कोणी नेमलेलं नसतं आणि काढायची तर कोणाची छाती नसते. सुट्ट्या लागल्या की हा माणूस स्वतःची दोन आणि दुसऱ्यांची जमतील तेवढी पोरं घेऊन अनोळखी शहरावर चालून जातो. पोरं त्याला टरकून असतात, बायका वैतागलेल्या असतात, मेहुणे-साडू पाठीमागं त्याची टिंगल करतात. पुढच्या सुट्टीत मात्र सगळे मिळून त्यालाच फोन करतात, ‘मग यंदा कुठं?’

आमचे साडू नांदेडचे. नोकरी लेखापरीक्षणातली. दुसऱ्यानं केलेल्या खर्चाकडे संशयानं बघायचे सरकार त्यांना पैसे देतं. घरच्या खर्चाकडे ते फुकट बघतात. हैदराबाद त्यांना परकं शहर वाटायचंच नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत अख्खा मराठवाडा निजामाच्या राज्यात, त्यामुळे राजधानी हैदराबाद. साडूंचे आजोबा उर्दूत शिकलेले, सही उर्दूत करायचे आणि कोर्टाचं काम निघालं की हैदराबादची वाट धरायचे. नांदेडची माणसं आजही हैदराबादला जातात, पण ती कोणाला तरी मोठ्या डॉक्टरला दाखवायला, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला. शहर म्हणून ते पाहायचं राहूनच गेलेलं.

‘आपलीच जुनी राजधानी आहे, पाव्हणे,’ साडू मला फोनवर म्हणाले. ‘एकदा जाऊन तपासून यायला पाहिजे.’

त्यांचं कुटुंब नांदेडहून, आमचं पुण्याहून, असे आम्ही सातजण बुधवारी रात्री नामपल्ली स्टेशनजवळच्या एका लॉजवर जमलो. जेवणं झाल्यावर साडूंनी पिशवीतून कागद काढला. तो लॅमिनेट केलेला होता. अनुक्रमांक, स्थळ, पोहोचणे, पाहणे, निघणे आणि शेरा असे रकाने. ‘पाहणे’ मिनिटांत दिलेलं होतं. चारमिनार चाळीस, मक्का मशीद पंधरा, सालारजंग नव्वद, गोवळकोंडा नव्वद, कुतुबशाही थडगी तीस, हुसेनसागर साठ. ‘खरेदी’ असा रकानाच नव्हता. दोघी बहिणींनी तो कागद वाचला, एकमेकींकडे पाहिलं आणि काहीही न बोलता परत दिला. लेखापरीक्षणात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला त्या शांततेचा अर्थ कळायला हवा होता.

गुरुवारच का, याचंही उत्तर तयार होतं. शुक्रवारी सालारजंग म्युझियम बंद. शनिवार-रविवार गर्दी. म्हणून गुरुवार. या बिनतोड हिशेबात एवढंच राहिलं होतं की ताईंचा, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाईंचा, गुरुवारी दत्ताचा उपास असतो आणि साडू स्वतः गुरुवारी मटण-मच्छीला शिवत नाहीत. ज्या शहरात माणसं बिर्याणीसाठी विमानानं येतात तिथं आमचा सहलप्रमुख महिनाभर आधी आरक्षण करून, विचारपूर्वक, गुरुवारी पोहोचला होता.

पोरं तीन. साडूंची थोरली बारा वर्षांची, तिला सगळं माहीत असतं. आमचे चिरंजीव नऊ वर्षांचे, त्यांना सगळं विचारायचं असतं. साडूंचा धाकटा सहा वर्षांचा, त्याला सारखी शू लागते. म्हणजे लागते ती गाडी सुरू झाल्यावर.

‘निघायच्या आधी सगळ्यांनी जाऊन या,’ असा हुकूम सकाळी साडेसहाला सुटला. धाकटा म्हणाला, ‘नाही आली.’ ‘तरी जा.’ ‘पण नाही आली ना.’ गाडी नामपल्लीच्या चौकातून वळली आणि मागून बारीक आवाज आला, ‘बाबा, आली.’ त्या लॅमिनेट केलेल्या कागदात सुलतान होते, निजाम होते, साक्षात गौतम बुद्ध होते. या एका गोष्टीला मात्र रकाना ठेवलेला नव्हता. दिवसभरात जो काही इतिहास घडला तो तिथून घडला.

गाडीचे चालक एक उतारवयाचे चाचा होते. साडूंनी त्यांना पूर्ण कागद वाचून दाखवला. चाचांनी मान डोलावत ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘हौ साब, हो जाता. नै हुआ तो परसों कर लेते.’

‘परसों नक्को!’ साडू ओरडले.

‘बाबा,’ धाकटा आनंदून म्हणाला, ‘यांना मराठी येतं!’

पहिलं स्थळ बिर्ला मंदिर. नौबत पहाड नावाच्या टेकडीवर पांढऱ्या संगमरवराचं व्यंकटेशाचं देऊळ, १९७६ साली पूर्ण झालेलं. स्थळ यायच्या आधी त्याची माहिती येते, हा साडूंबरोबरच्या प्रवासाचा नियम. आपण पायऱ्यांशी पोहोचेपर्यंत देऊळ कानांनी बघून झालेलं असतं. पण इथं मोबाइल आत नेऊ देत नाहीत. ते ठेवायला खिडकी आहे. साडूंनी त्या खिडकीकडे एखाद्या संशयास्पद व्हाउचरकडे बघावं तसं पाहिलं.

‘मी थांबतो खाली,’ ते म्हणाले. ‘चपला, मोबाइल द्या इकडं. तुम्ही व्हा पुढं.’

आम्ही पुढं झालो. वर गार फरशी होती, वारा होता, लांबवर हुसेनसागर चमकत होता. धाकटा गाभाऱ्यासमोर वर बघत फिरत होता, खांब झाला, कमान झाली, मग रडवेला झाला. ‘घंटा कुठाय?’ या देवळात घंटा नाही. ध्यानाला शांतता हवी म्हणून मुद्दामच ठेवलेली नाही. आमच्या चिरंजीवांनी विचारलं, ‘मग देवाला कसं कळणार आपण आलो?’ थोरली म्हणाली, ‘बाबांचा आवाज इथपर्यंत येतोय. कळलं असेल.’ खरंच येत होता. खाली साडू कोणाला तरी सांगत होते, रांग कशी लावावी.

चारमिनारला गाडी लांब उभी करावी लागते. चालताना साडूंनी १५९१ साल, मुहंमद कुली कुतुबशाह, चार बाजूंना चार कमानी आणि निजामाच्या काळात १८८९ मध्ये बसवलेली चार घड्याळं, हे सगळं एका दमात सांगितलं. माहिती चोख होती. त्यांची माहिती नेहमीच चोख असते. तिकिटं काढली, सातजण ओळीनं जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि धाकट्यानं बापाच्या शर्टाचं टोक ओढलं.

‘आत्ता?’ साडू म्हणाले. ‘चारशे वर्षं उभा आहे तो चारमिनार, तुला आत्ताच यायची होती?’

धाकट्यानं चारमिनारकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि पाय जुळवले.

‘मी याला घेऊन जातो. तुम्ही व्हा पुढं.’

जिना अरुंद, वळणावळणाचा, पायऱ्या उंच. थोरली आणि चिरंजीव पायऱ्या मोजत चढले आणि वर पोहोचल्यावर दोघांचे आकडे जुळले नाहीत. असला वाद सोडवायला हक्काचा लेखापरीक्षक आमच्याकडे होता, पण तो त्या वेळी जुन्या शहराच्या गल्ल्यांतून एका सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून ‘भाई, बाथरूम किधर?’ विचारत फिरत होता. वरच्या सज्जातून खाली चारी रस्ते दिसत होते, रिक्षांची झुंबड, मोत्यांच्या दुकानांच्या पाट्या, फळांच्या गाड्या. त्या गर्दीत मध्येच एक ओळखीची टोपी डावीकडून उजवीकडे गेली आणि थोड्या वेळानं उजवीकडून डावीकडे आली. आम्ही उतरलो तेव्हा बापलेक खाली हजर. धाकटा तृप्त होता. साडूंनी घड्याळ बघून ‘पाहणे चाळीस मिनिटे’ या रकान्यावर बरोबरची खूण केली.

बाहेर लाड बाजार होता. लाखेच्या बांगड्यांचा, खड्यांच्या बांगड्यांचा, चारशे वर्षं बायकांची पावलं अडवणारा. पण सकाळच्या त्या वेळी बहुतेक दुकानांची शटर्स अजून खालीच होती. ‘बघा, वेळ वाचला,’ साडू म्हणाले. दोघी बहिणी गप्प होत्या. आदल्या रात्रीसारख्याच.

मक्का मशिदीत पंधरा मिनिटं होती. ही दक्षिणेतल्या सगळ्यात मोठ्या मशिदींपैकी एक. कुतुबशाहीत काम सुरू झालं आणि पुरं झालं ते औरंगजेबाच्या काळात. म्हणजे ज्यांनी बांधायला घेतली त्यांचं राज्य गेलं तरी काम चालूच, हे साडूंना सार्वजनिक बांधकामाचं आदर्श उदाहरण वाटलं. पोरांनी मशीद पाहिली की नाही कोण जाणे. त्यांना अंगणात कबुतरं दिसली होती. शेकड्यानं. दाणे विकायला माणूस बसला होता. मूठ उधळली की एक राखी ढग खाली यायचा आणि धाकटा किंचाळत त्यात शिरला की वर उठायचा. पंधरा मिनिटांची चाळीस झाली. ‘कबुतरं नांदेडलाही आहेत,’ साडू म्हणाले. ‘घराच्या खिडकीत आहेत. तुम्हीच हाकलता त्यांना.’ चिरंजीवांनी समजावून सांगितलं, ‘काका, ती घाण करतात. ही ऐतिहासिक आहेत.’

सालारजंग म्युझियममध्ये मात्र आमचा प्रवेश वेळेवर झाला, कारण तिथं बाराचा ठोका गाठायचा होता. तिसरा सालारजंग, मीर युसुफ अली खान, हा काही काळ निजामाचा दिवाण होता. दिवाणगिरी लवकर सुटली, वस्तू जमवायचा नाद आयुष्यभर टिकला. लग्न केलं नाही. १९४९ मध्ये तो वारला आणि दोन वर्षांनी त्याच्या संग्रहाचं म्युझियम झालं. उद्घाटन नेहरूंनी केलं. एका माणसानं एवढी हस्तलिखितं, तलवारी, चिनीमातीच्या, हस्तिदंताच्या वस्तू गोळा केल्या हे ऐकून ताई दालनामागून दालनं बघत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, ‘घरात बाई नव्हती म्हणून. नाहीतर दुसऱ्याच पेटीला विचारलं असतं, ही ठेवणार कुठं?’

संगमरवरात कोरलेली बुरख्यातली रिबेका बघायला गर्दी होती. बेंझोनी नावाच्या इटालियन शिल्पकारानं दगडातून असं झिरझिरीत वस्त्र काढलंय की त्याच्याआडचा चेहरा दिसतो. १८७६ मध्ये पहिल्या सालारजंगानं रोममध्ये ती विकत घेतली. साडूंचा प्रश्न किमतीचा होता. धाकट्याचा प्रश्न असा होता की हिला उकडत नाही का. पुढं एका लाकडातून कोरलेली दुहेरी मूर्ती आहे: समोरून छाती काढून उभा असलेला मेफिस्टोफिलीस, पाठीमागून मान खाली घातलेली मार्गारेटा, आणि ती दिसावी म्हणून मागं लावलेला आरसा. थोरलीनं दोन्ही बाजूंनी नीट पाहून शेरा मारला, ‘पुढून बाबा, मागून आई.’ ताई म्हणाल्या, ‘खरंय. आईला बघायचं तर आरसा लावावा लागतो.’ साडू पुढच्या दालनाच्या पाटीकडे बघत होते.

बाराला दहा कमी असताना चौकातल्या खुर्च्या भरत आल्या होत्या. ते संगीत घड्याळ कुक अँड केल्व्ही या कलकत्त्याच्या पेढीचं. आत एक लोहार आहे, सेकंदासेकंदाला हातोडा मारणारा, आणि तास भरला की दारातून एक दाढीवाला बाहुला येतो, घंटेवर टोले देतो आणि परत जातो. बाराला सगळ्यात जास्त टोले, म्हणून बाराला सगळ्यात जास्त गर्दी. एवढा साधा मामला आहे, पण शेदोनशे माणसं श्वास रोखून बसतात. साडूंनी पळत जाऊन आम्हा सहाजणांच्या खुर्च्या धरल्या आणि सातवी एका आजीबाईंना देऊन स्वतः खांबाशी उभे राहिले. दार उघडलं. दाढीवाला आला. पहिला टोला पडला आणि मी सहज मागं वळून पाहिलं. साडू मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. बारावा टोला पडेपर्यंत बघत होते.

‘अर्धा मिनिट पुढं आहे,’ बाहेर पडताना ते म्हणाले.

पोरांचा विचार वेगळाच होता. दाढीवाला तासाला एकदा येऊन टोले देतो आणि टाळ्या घेतो. लोहार बिचारा सेकंदासेकंदाला घाव घालतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. ‘तो कधी जेवतो?’ धाकट्यानं विचारलं. या प्रश्नानं सगळ्यांना भूक लागली.

जेवायला चाचांनी एका जुन्या हॉटेलात नेलं. आत शिरताच केवडा, केशर आणि मटणाचा असा वास आला की साडू उंबऱ्यातच क्षणभर थांबले. मग खुर्चीवर बसले आणि कच्च्या गोश्ताची बिर्याणी कशी करतात, मसाला लावलेलं कच्चं मटण तळाशी, वर अर्धवट शिजलेला भात, कणकेनं तोंड बंद करून मंद आचेवर दम, हे त्यांनी पोरांना इतक्या आत्मीयतेनं सांगितलं की शेजारच्या टेबलावरच्या माणसानं ताट जरा आडवं धरलं. ‘पोरांनो, तुम्ही खा,’ साडू म्हणाले. ‘तुम्हाला गुरुवार नाही.’ पोरांनी मेनूकार्ड खालपर्यंत वाचलं आणि एकमुखानं व्हेज नूडल्स मागवले. ताईंनी केळी आणि खजूर काढले. आम्ही नवराबायकोनं बिर्याणी मागवली, पण समोर दहीभात कालवत बसलेला माणूस प्रत्येक घासाला ‘कशी आहे?’ विचारत असला की बिर्याणी घशाखाली उतरताना अपराधी वाटतं. हाडाला मटण किती शिजलंय, भाताचं शीत सुटं आहे का, खाली मसाला लागलाय का, असा पंचनामा त्यांनी माझ्या ताटावरून पूर्ण केला आणि शेवटी समाधानानं म्हणाले, ‘म्हणजे चांगली आहे.’

गोवळकोंड्याच्या रस्त्यावर इतिहास सुरू झाला. शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले तेव्हा १६७७ साली भागानगरला, म्हणजे इथंच, कुतुबशाहाला भेटायला आले होते. तो कुतुबशाह म्हणजे अबुल हसन तानाशाह. दहा वर्षांनी औरंगजेबानं गोवळकोंडा घेतला आणि तानाशाहाला नेऊन दौलताबादच्या किल्ल्यात ठेवला. ‘म्हणजे आपल्याकडेच,’ साडू म्हणाले, जणू सोय त्यांनीच केली होती. पण त्यांचा आवडता भाग पुढं होता. किल्ल्यात एक कोठडी आहे, रामदासाची. हे समर्थ नव्हेत. हा कंचर्ला गोपण्णा, भद्राचलमकडचा तहसीलदार. यानं वसुलीचे सरकारी पैसे लावून रामाचं देऊळ बांधलं. त्याबद्दल बारा वर्षं तुरुंग. मग, सांगतात, एका रात्री राम-लक्ष्मण स्वतः येऊन तानाशाहाला सगळी रक्कम मोहरांत देऊन गेले आणि पावती घेऊन गेले.

‘शासकीय निधीचा अन्यत्र वापर,’ साडू म्हणाले. ‘सरळ सरळ आक्षेप आहे. पण पूर्ण वसुली झाली, पावती आहे, मग आक्षेप निकाली. देव असला तरी पावती घेतली, हे लक्षात ठेवा.’

‘बाबा,’ मागून आवाज आला.

‘आली?’

‘आली.’

औरंगजेबाला हा किल्ला घ्यायला सुमारे आठ महिने लागले, तेही आतून कोणीतरी दरवाजा उघडून दिला म्हणून. साडूंच्या कागदावर नव्वद मिनिटं होती आणि त्यातली पंचवीस दरवाज्याशीच गेली. माथ्यावरच्या बारादरीपर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या. आणि या किल्ल्याची खरी करामत अशी की प्रवेशाजवळच्या घुमटाखाली ठरावीक जागी उभं राहून टाळी वाजवली तर ती पार वर बालाहिसारला ऐकू येते. शत्रू आला, फिर्यादी आला, वर वर्दी पोहोचायची. ना तार ना घंटा, नुसत्या दगडांच्या रचनेवर.

आता ऐकायला वर सगळे तयार होते. पण टाळी वाजवायला खाली कोणीतरी हवं.

‘मी थांबतो खाली,’ साडू म्हणाले. ‘तुम्ही व्हा पुढं.’

आम्ही चढलो. वाटेत बुरूज, कोठारं, रामदासाची कोठडी, धापा. वर पोहोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि अख्खं शहर पायाशी पसरलं होतं. थोरलीनं फोन लावला. ‘बाबा, पोहोचलो.’

‘नीट ऐका,’ फोनमधून साडू म्हणाले. ‘इथं शंभरजण टाळ्या वाजवतायत. माझ्या ओळखायच्या म्हणजे खूण पाहिजे. तीन वाजवीन, थांबेन, मग दोन.’

टाळ्या वाजल्या. ‘आल्या ऐकू?’

‘आल्या!’

‘कुठून आल्या? फोनमधून की किल्ल्यातून?’

हा प्रश्न लेखापरीक्षकालाच सुचू शकतो. वर सगळे एकमेकांकडे बघू लागले. थोरलीनं फोन बंद केला. आम्ही कान देऊन उभे राहिलो. खालून गलका येत होता, शाळेची एक सहल हुल्लड करत होती, कोणीतरी शिट्टी मारत होतं. मग त्या सगळ्यातून, अगदी बारीक पण स्वच्छ: तीन. थोडं थांबून: दोन. धाकट्यानं माझा हात घट्ट धरला आणि किंचाळला, ‘बाबा!’ दिवसभरात चारमिनार, मशीद, रिबेका, दाढीवाला कोणालाही मिळाली नव्हती अशी दाद त्या दोन टाळ्यांना मिळाली. तिन्ही पोरांनी तिथून टाळ्यांचा कडकडाट केला. पुन्हा तीन, पुन्हा दोन. पोरं नाचायला लागली. मग थोरलीनं फोन लावला.

‘बाबा, आम्ही पण वाजवल्या! ऐकू आल्या?’

‘नाही. इथं फार गोंगाट आहे. पण तुम्हाला आल्या ना?’

‘आल्या!’

‘मग झालं. उतरा आता. थडगी राहिलीत.’

थडग्यांवरून मात्र दिवसभराची शांतता फुटली. गाडी सुरू होताच ताईंनी चाचांना सांगितलं, ‘चारमिनार चलो.’ साडू म्हणाले, ‘चारमिनार सकाळी झाला.’ ताई म्हणाल्या, ‘तुमचा झाला. आमच्या बांगड्या राहिल्यात.’ माझ्या बायकोनं हँडबॅगेतून एक कागद काढला; त्यावर कोणासाठी कोणत्या मापाच्या, कोणत्या रंगाच्या, किती डझन, हे रकाने पाडून लिहिलेलं होतं. लॅमिनेट केलेलं नव्हतं, पण लेखापरीक्षकाला दस्तऐवज कळतो. चाचांनी आरशातून साडूंकडे बघितलं. ‘कुतुबशाही मकबरे परसों देख लेते साब. वो किधर नै जाते.’ अख्ख्या राजघराण्यानं दोन सख्ख्या बहिणींपुढं माघार घेतली. साडूंनी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘अपरिहार्य कारणास्तव.’

लाड बाजारात घासाघीस कोणी केली? साडूंनी. दुकानदार बाराशे म्हणाला, साडू तीनशे म्हणाले. दुकानदार म्हणाला, ‘काइकू मजाक करते साब.’ पाऊण तास दोघं उर्दू-मराठीत एकमेकांच्या आजोबांपर्यंत गेले आणि परत आले. शेवटी चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली आणि सौदा साडेपाचशेला तुटला. दुकानाबाहेर चारमिनारवर दिवे लागले होते. पोरं मान वर करून बघत होती. साडू आत पावती मागत होते.

हुसेनसागरला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. तळं १५६२ च्या सुमाराचं. मधला अखंड दगडाचा बुद्ध मात्र आपल्या डोळ्यांदेखतचा. १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना अपघात झाला, मूर्ती तळ्यात बुडाली, आणि दोन वर्षांनी वर काढून बसवली. हे सांगताना साडूंचे शब्द दिवसात पहिल्यांदा एकमेकांत अडकले. होडीच्या रांगेत लाइफ जॅकेटं वाटत होते. पिशव्या होत्या सहा, त्यात एक बांगड्यांची. साडू काही बोलायच्या आत आम्हीच म्हणालो, ‘तुम्ही थांबा, आम्ही होतो पुढं.’ पाण्यावर वारा होता, दिव्यांत पांढरा बुद्ध उभा होता. परत आलो तर साडू बाकावर सहाही पिशव्यांचे बंद मनगटात अडकवून गाढ झोपलेले.

रात्री स्टेशनवर आजीचा नांदेडहून फोन आला. ‘काय काय पाहिलं?’ पोरांनी यादी सांगितली ती अशी: कबुतरं, नूडल्स, लोहार, लॉजमधली लिफ्ट, बाबांची टाळी. साडू कपाळाला हात लावून ऐकत होते. मग कागदावरची एकेक खूण मोजून त्यांनी आईला सांगितलं, ‘सगळं झालं. थडगी सोडून.’

मी त्यांच्या शेजारी बसून माझ्या मनाशी हिशेब केला. देऊळ त्यांनी पायथ्याकडून पाहिलं. चारमिनार दोन्ही वेळा खालून. घड्याळ मनगटावर. बिर्याणी माझ्या ताटात. गोवळकोंडा दारातून. बुद्ध झोपेत. हैदराबादला येऊन हैदराबाद सगळ्यात कमी कोणी पाहिलं असेल तर ते ज्यानं दाखवलं त्यानं. आणि तरी त्यांच्याइतका समाधानी माणूस त्या फलाटावर दुसरा नव्हता. आम्ही मोकळ्या हातांनी वर चढू शकलो, कारण चपलांची, पिशव्यांची आणि शूची जबाबदारी घेऊन एकजण खाली उभा होता.

थोरलीलाही बहुतेक तेच सुचलं असावं. ती म्हणाली, ‘बाबा, पुढच्या वेळी मी खाली थांबते. तुम्ही वर जा.’

‘तुझ्या टाळीत तेवढा जोर नाही,’ साडू म्हणाले. आणि कागद पिशवीत ठेवताना आतून दुसरा, कोरा कागद काढत त्यांनी पुढचं सांगूनही टाकलं, ‘आणि पुढच्या वेळी म्हैसूर. तिथं राजवाड्यात चपला बाहेर काढाव्या लागतात. मी थांबीन.’